पाण्यातले विष आणि चिखलातले शिसे : चांदा-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील शिकारनियमांचा एक दुर्लक्षित पैलू

१. विषयप्रवेश

भारतीय वन अधिनियम, १९२७ ह्याच्या सव्विसाव्या कलमात राखीव जंगलात निषिद्ध ठरविलेल्या कृत्यांची यादी आहे. नियमांचे उल्लंघन करून शिकार करणे, बंदूक झाडणे, मासे मारणे, पाण्यात विष कालविणे, सापळे अथवा फास मांडणे ही कृत्ये त्या यादीत एकाच उपकलमात पाठोपाठ आलेली आहेत. ह्यांपैकी पाण्यात विष कालविण्याची पद्धत मध्य भारतातील वनवासी समाजांना पूर्वापार परिचित आहे. उन्हाळ्यात ओढ्यानाल्यांचे पाणी डोहांपुरते उरले, म्हणजे गेळफळासारखी फळे किंवा काही झाडांच्या साली कुटून त्या डोहात टाकावयाच्या आणि गुंगी येऊन वर आलेले मासे वेचावयाचे, अशी ती पद्धत. कायद्याने तिला विषप्रयोग म्हटले व ते योग्यच होते. परंतु त्याच प्रदेशातील तलावांवर पाणपक्ष्यांची शिकार करताना बंदुकीतून सुटलेले शिशाचे छर्रे ज्या चिखलात जाऊन बसले, त्या छर्ऱ्यांना विष हा शब्द कोणत्याही नियमाने लावला नाही. वनस्पतीचे विष काही काळाने नाहीसे होते. शिशाचा छर्रा चिखलात दशकानुदशके तसाच राहतो.

शिकारीत शिसे वापरावे की अन्य धातू वापरावा, हा वाद युरोप-अमेरिकेत शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. पूर्वीच्या मध्य प्रांतातील चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांत, बंदुकीच्या गोळीविषयी चर्चा झालीच नाही असे नव्हे. पण ती निराळ्या अंगाने झाली. गोळीने जनावर तत्काळ मरते की घायाळ होऊन पळते, एवढाच तिचा रोख होता. गोळीचा धातू पुढे रानात, पाण्यात आणि खाणाऱ्याच्या शरीरात काय करतो, हा प्रश्न तीत उपस्थित झाला नाही. असे का घडले आणि त्याचे परिणाम आज कोणत्या रूपाने शिल्लक आहेत, ह्याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२. शब्दांची साक्ष

ह्या विषयातील मराठी शब्दसंग्रह तपासला असता एक लक्षणीय गोष्ट आढळते. ‘बंदूक’ हा शब्द अरबी ‘बुंदुक’ ह्यापासून आला. त्याचा मूळ अर्थ एक कवचीचे फळ; त्या फळाच्या आकाराची मातीची गोळी असा दुसरा अर्थ त्यावरून रूढ झाला. अशा गोळ्या फेकण्यासाठी विशिष्ट धनुष्य वापरीत. मराठीत त्याच जातीच्या साधनाला गलोल म्हणतात. म्हणजे दारूच्या शोधाआधी जो शब्द मातीच्या गोळीचा वाचक होता, तोच पुढे शिशाची गोळी फेकणाऱ्या हत्याराचे नाव होऊन बसला. फेकण्याची वस्तू बदलली, फेकणारे साधनही बदलले. शब्द मात्र राहिला आणि त्यातून धातूचा बोध कधीच झाला नाही.

‘छर्रा’ ह्या शब्दाचीही तीच गत आहे. बंदुकीच्या काडतुसातील बारीक गोळी ती छर्रा आणि सायकलच्या चाकात घालावयाची पोलादी गोळी तीही छर्राच. ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. ‘ठासणीची बंदूक’ ह्या प्रयोगात दारू व गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरण्याची क्रिया आहे. गडचिरोली भागात तिलाच ‘भरमार’ बंदूक म्हणतात; त्यातही भरण्याचीच क्रिया आहे. आकार, क्रिया आणि साधन ह्यांवरून हा शब्दसंग्रह घडला. द्रव्यावरून घडला नाही.

ह्याउलट शिशाविषयीचे ज्ञान भारतीय परंपरेत एका निराळ्या दालनात सुरक्षित होते. रसशास्त्रात शिशाला ‘नाग’ अशी संज्ञा आहे व शोधन केल्यावाचून त्याचा औषधात उपयोग करू नये, असा दंडक आहे. अशुद्ध शिसे शरीराला अपायकारक असते, ही जाणीव वैद्यकाला होती. परंतु वैद्याचे शिसे आणि शिकाऱ्याचे शिसे ही एकाच धातूची दोन रूपे आहेत, असा संबंध भाषेतही जोडला गेला नाही आणि व्यवहारातही नाही. पुढे इंग्रजी राजवटीत जे नियम झाले, त्यांत ही फारकत अधिकच पक्की झाली.

३. प्रदेश आणि हत्यारे

चांद्याचे गोंड राज्य भोसल्यांकडे गेले. १८५३ साली तिसरा रघूजी भोसला निपुत्रिक वारल्यावर नागपूरच्या राज्याबरोबर हा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. १८५८ साली बाबूराव शेडमाके व व्यंकटराव ह्यांनी येथे उठाव केला. बाबूरावास २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथे फाशी देण्यात आले. ह्या पार्श्वभूमीवर १८६० चा आणि त्यानंतर १८७८ चा शस्त्र अधिनियम पाहावयास हवा. बंदूक कोणाजवळ असावी हा प्रश्न त्या कायद्यांच्या दृष्टीने प्रथम राज्याच्या सुरक्षिततेचा होता. शेतीचा व शिकारीचा प्रश्न त्यानंतरचा. परवान्याच्या ह्या व्यवस्थेमुळे चांदा जिल्ह्यातील शिकारीचे दोन स्पष्ट थर पडले. एका थरात परवाना घेऊन, हाका घालून किंवा मचाणावर बसून रायफल चालविणारे अधिकारी, जमीनदार आणि त्यांचे पाहुणे होते. दुसऱ्या थरात धनुष्यबाण, जाळी, फास व कुत्री घेऊन सामुदायिक पारध करणारे गोंड व माडिया आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक बाळगणारे थोडे शेतकरी होते.

ह्या दोन थरांतील भेद धातूच्या दृष्टीने पाहिला तर चित्र अनपेक्षित दिसते. पहिल्या थराची शिकार जवळजवळ सर्वस्वी शिशावर उभी होती. दुसऱ्या थरात शिशाचा वाटा पुष्कळच कमी होता. बाणाचे टोक लोखंडाचे असे. जाळ्याला व फासाला धातूच लागत नसे. ठासणीच्या बंदुकीत शिसे न मिळाल्यास लोखंडाचे तुकडे, खिळ्यांची मुंडकी, पुढील काळात सायकलचे छर्रे असे जे हाती येईल ते भरले जाई. आज शिशाला पर्याय म्हणून पोलादाचा जो छर्रा सांगितला जातो, त्याच्याशी धातूचे नाते असलेली ही सामग्री होय. अर्थात ती दारिद्र्यातून आली होती, विचारातून नव्हे. शिवाय अशा वेड्यावाकड्या तुकड्यांनी जनावर मरण्यापेक्षा घायाळ होण्याचाच संभव अधिक, हेही नाकारता येत नाही.

पाणपक्ष्यांच्या दृष्टीने ह्या प्रदेशाचे महत्त्व त्याच्या तलावांत आहे. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, वडसा हा सगळा धानाचा पट्टा असून कोहळी समाजाने व मालगुजारांनी बांधलेले तलाव व बोड्या येथे गावोगाव आहेत. घोडाझरी व आसोला-मेंढा ह्यांसारखे मोठे जलाशय इंग्रजी अमदानीत त्यांत जोडले गेले. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदके ह्या उथळ पाण्यात उतरतात. उथळ पाणी, मऊ चिखल आणि तळाशी चोच घालून खाणारे पक्षी ही तिन्ही अंगे येथे एकत्र आहेत. छर्ऱ्याचा दोष ज्या परिस्थितीत प्रकट होतो, ती नेमकी हीच परिस्थिती होय.

४. गोळीविषयीचा जुना वाद

मध्य प्रांतातील वनखात्यात काम केलेला कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा त्याच्या ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ (१८७१) ह्या ग्रंथामुळे अभ्यासकांस परिचित आहे. त्याने १८६३ साली शिकारी रायफल व तिच्या गोळ्या ह्यांवर एक स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले होते, ही गोष्ट मात्र तितकीशी सांगितली जात नाही. जंगलात शिकार जवळून व अचानक साधावी लागते. तेव्हा मोठ्या व्यासाची गोल गोळी, भरपूर दारू आणि नळीतील आट्यांचा मंद पीळ ह्यांच्या योगाने गोळी सरळ रेषेत जाऊन मोठा आघात करते, असे त्याचे प्रतिपादन होते. लांबट गोळीचे पुरस्कर्ते त्याच्या विरुद्ध पक्षात होते. शुद्ध शिसे मऊ असल्याने जाड कातडीच्या जनावराच्या अंगात ते चपटे होऊन अडकते. म्हणून रानरेडा, गवा ह्यांसारख्या जनावरांसाठी शिशात कथील किंवा पारा मिसळून ते कठीण करावे, अशीही मते त्या काळच्या शिकाऱ्यांत प्रचलित होती. येथे शिशाबरोबर पाऱ्याची भर घालण्याचा विचार झाला, तोही केवळ कठीणपणासाठी, ही गोष्ट त्या काळच्या दृष्टीची द्योतक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारू प्रचारात आली व गोळीचा वेग इतका वाढला की उघडे शिसे नळीत टिकेना. तेव्हा शिशाच्या गाभ्यावर तांबे-निकेलचे कवच चढविण्यात आले. परंतु संपूर्ण कवचाची गोळी जनावरातून आरपार जाई व ते घायाळ होऊन पळे. म्हणून टोकाशी शिसे उघडे ठेवलेली, अंगात शिरताच पसरणारी मऊ टोकाची गोळी शिकारीसाठी योग्य ठरली. ह्याच सुमारास युद्धाच्या कायद्यात नेमका उलट निर्णय झाला. १८६८ च्या सेंट पीटर्झबर्ग येथील घोषणेने ४०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या स्फोटक गोळ्या युद्धात निषिद्ध ठरविल्या आणि १८९९ च्या हेग घोषणेने शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली. कलकत्त्याजवळील डमडमचे नाव ह्या गोळ्यांना मिळालेले आहे. जी गोळी माणसाच्या बाबतीत क्रूर म्हणून त्याज्य ठरली, तीच जनावराच्या बाबतीत दयेची म्हणून ग्राह्य ठरली. ह्या दोन निर्णयांत तर्कदृष्ट्या विसंगती नाही. युद्धात शत्रूला निकामी करणे पुरते, शिकारीत जनावर लवकर मरणे इष्ट असते. परंतु दोन्ही निर्णयांत गोळीचा विचार जखमेपुरताच झाला, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

शरीरात पसरताना मऊ टोकाच्या गोळीचे अतिसूक्ष्म कण जखमेभोवती दूरवर विखुरतात, ही गोष्ट शिकार झालेल्या हरणांच्या क्ष-किरण चित्रांवरून पुष्कळ नंतर, एकविसाव्या शतकात, स्पष्टपणे पुढे आली. डोळ्यांना न दिसणारे हे कण मांसात राहतात आणि टाकून दिलेल्या आतड्यांतही राहतात. दयेची म्हणून निवडलेली गोळी अशा रीतीने मागे राहिलेल्या मांसापुरती अधिक घातक ठरली.

५. छर्ऱ्याचा दोष आणि पर्यायांचा वाद

छर्रा पाडण्याची आधुनिक रीत इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील विल्यम वॉट्स ह्याने शोधली व १७८२ साली तिचा एकाधिकार मिळविला. वितळलेले शिसे उंच मनोऱ्यावरून चाळणीतून पाण्यात सोडले, म्हणजे पडता पडता त्याचे गोल थेंब बनतात. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, ते विपुल व स्वस्त आहे, आणि त्याचे विशिष्ट गुरुत्व ११.३ असल्याने लहानसा छर्राही दूरवर वेग टिकवितो. बारा बोअरच्या नेहमीच्या एका काडतुसात मध्यम आकाराचे अडीचशे ते तीनशे छर्रे असतात. त्यांपैकी पक्ष्याला लागतात ते थोडे. बाकीचे पाण्यात किंवा जमिनीवर पडतात. भरतपूरच्या पाणथळीत १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिन्लिथगो ह्यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. त्या दिवशी पाण्यात किती छर्रे पडले असतील, ह्याची कल्पना ह्या आकड्यावरून येते. चांद्याच्या तलावांवर एवढ्या प्रमाणाच्या शिकारी होत नसत. म्हणून दोहोंची बरोबरी करता येणार नाही. प्रमाणात फरक असला तरी प्रक्रिया मात्र एकच असते.

ती प्रक्रिया अशी. बदकांना दात नसल्याने ती वाळूचे खडे गिळतात. पेषणीत त्या खड्यांनी दाणे भरडले जातात. तळाच्या चिखलातला छर्रा खडा समजून गिळला गेला, तर तो तेथेच घासला जातो, पेषणीतील आम्लाने विरघळतो आणि शिसे रक्तात मिसळते. पंख लुळे पडतात, पक्षी क्षीण होतो व काही आठवड्यांत मरतो. बंदुकीचा आवाज झालेला नसतो, जखम दिसत नाही. म्हणून हे मरण शिकारीच्या खाती नोंदले जात नाही. अमेरिकेत जॉर्ज बर्ड ग्रिनेल ह्याने १८९४ सालीच ह्या रोगाविषयी लिहिले होते. १९५९ साली फ्रँक बेलरोझ ह्याने उत्तर अमेरिकेतील पाणपक्ष्यांपैकी दरवर्षी शेकडा दोन ते तीन पक्षी छर्रे गिळल्यामुळे मरत असावेत, असा अंदाज प्रसिद्ध केला. तरीही तेथे पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाची देशव्यापी बंदी पूर्ण होण्यास १९९१ साल उजाडले.

ह्या दिरंगाईचे कारण केवळ शिकाऱ्यांचा हट्ट होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिशाच्या समर्थकांचे आक्षेप वजनदार होते. पोलादाचे विशिष्ट गुरुत्व ७.९ च्या आसपास. तेव्हा त्याच आकाराचा पोलादी छर्रा हलका भरतो, त्याचा वेग लवकर कमी होतो, आणि शिकारी जुन्याच अंतरावरून बार काढत राहिला तर पक्षी मरण्याऐवजी जखमी होतो. पोलाद कठीण असल्याने जुन्या बंदुकांच्या नळ्यांना अपाय होण्याची भीती होती. बिस्मथ (९.८) शिशाच्या जवळचा, पण महाग व ठिसूळ, टंगस्टन (१९.३) शिशाहूनही जड, पण त्याहून महाग. ह्या आक्षेपांना अनुभवाने उत्तर मिळाले. पोलादाचा छर्रा थोडा मोठा घ्यावा, अंतर कमी ठेवावे आणि नळी तपासून घ्यावी, एवढे पथ्य पाळल्यास शिकार होऊ शकते, असे दिसून आले. डेन्मार्कने १९८५ साली काही पाणथळींत व १९९६ साली सर्व प्रकारच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी घातली. तेथील शिकार त्यामुळे संपुष्टात आली नाही. नेदरलँड्सने १९९३ साली तसाच निर्णय घेतला. युरोपीय संघाचा पाणथळींपुरता निर्बंध फेब्रुवारी २०२३ पासून अमलात आला. इंग्लंडचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. तेथे १९९९ पासून रानबदकांवर शिशाचा बार टाकण्यास बंदी आहे. तरी नंतरच्या वर्षांत बाजारात विकावयास आलेल्या रानबदकांच्या तपासण्यांत बहुसंख्य पक्षी शिशानेच मारलेले आढळले. ज्या अपराधाची खूण मांसात लपलेली असते, तो अपराध सवयीला अपराध वाटत नाही.

कॅलिफोर्नियातील काँडॉर गिधाडांच्या उदाहरणाने ह्या वादाला दुसरे वळण दिले. १९८७ साली त्या जातीचे सर्व मिळून २७ पक्षी उरले होते व ते सर्व बंदिवासात होते. प्रजनन करून पुन्हा सोडलेल्या पक्ष्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण शिकारीच्या अवशेषांतील शिसे हे निघाले. त्यामुळे चर्चा छर्ऱ्यावरून रायफलच्या गोळीकडे वळली. संपूर्ण तांब्याच्या गोळ्या पर्याय म्हणून पुढे आल्या, आणि त्या राज्यात १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीत शिशाला मनाई झाली.

६. नियमांनी काय पाहिले

आता पुन्हा चांद्याकडे वळावयाचे. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण अधिनियमाने बदके, तितर, लावे, मोर इत्यादी पक्षी आणि हरणे, गवे, रेडे इत्यादी जनावरे ह्यांच्यासाठी बंद हंगामाची तरतूद केली. कधी मारू नये हे त्या कायद्याने सांगितले; कशाने मारू नये हे सांगितले नाही. ताडोबाच्या परिसरात १९३५ साली शिकारबंदी झाली आणि १९५५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. कोठे मारू नये, ह्या प्रश्नाचे ते उत्तर होते.

‘कशाने’ ह्या प्रश्नाला पहिले सविस्तर उत्तर १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाच्या मूळ सतराव्या कलमात मिळते. वाहनातून, रात्री, कृत्रिम उजेडात, रानाला आग लावून शिकार करण्यास त्याने मनाई केली. रसायने, स्फोटके, जाळी, खड्डे, विष, विषारी शस्त्रे, फास व सापळे ह्यांवर बंदी घातली. सापळ्यांच्या परवान्याखाली जनावर पकडण्यापुरताच त्याला अपवाद होता. मोठ्या जनावरांसाठी रायफलच वापरावी, किंवा खास परवानगीने एकसंध गोळीची छर्ऱ्याची बंदूक वापरावी, असे सांगितले. पाणवठ्यावर व जनावरे मीठ चाटावयास येतात अशा जागी शिकार करू नये, असेही एक पोटकलम होते. मात्र पखुर्ड्या आणि पाणपक्षी ह्यांचा अपवाद त्यातच नमूद होता.

हे कलम बारकाईने वाचले असता दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, निषिद्ध साधनांच्या यादीत वनवासी पारधीची बहुतेक अंगे येतात, आणि मान्य साधन म्हणून परवानेधारकाची रायफल उभी राहते. दुसरी ही की, ‘विष’ व ‘विषारी शस्त्रे’ हे शब्द कायद्याने योजले असूनही शिशाचा छर्रा त्यांच्या अर्थात बसला नाही. उलट पाणपक्ष्यांच्या अपवादाने तो छर्रा पाण्याच्या काठीच झाडण्यास वाव राहिला. ह्यात कायदा करणाऱ्यांचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. विष म्हणजे मारण्याच्या हेतूने लावलेले द्रव्य, असा त्या शब्दाचा रूढ अर्थ आहे. शिशाचा हेतू आघाताचा, विषबाधा हा त्याचा अनपेक्षित परिणाम; आणि भाषा बहुधा हेतूवरून नाव देते, परिणामावरून देत नाही.

१९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच बंद केले व सतरावे कलम गळून पडले. अन्य देशांत शिकार चालू राहिली म्हणून गोळीच्या धातूचा निकाल लावणे भाग पडले. भारतात शिकारच बेकायदेशीर ठरल्याने तो प्रश्न न सुटताच बाजूला पडला. पेट्रोलमधील शिसे २००० साली गेले, घरगुती रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी कडक मर्यादा आली. गोळीतील शिशाचा विचार करण्याचे निमित्तच राहिले नाही.

७. आज उरलेला प्रश्न

परंतु बंदुका झाडावयाच्या थांबल्या असे म्हणता येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. १९७२ च्या कायद्याच्या अकराव्या कलमान्वये उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या काही जनावरांना मारण्याची परवानगी अधिकारी देऊ शकतो. चंद्रपूर जिल्ह्यात रानडुक्कर व रोही ह्यांच्यापासून धान, हरभरा, तूर राखणे हे शेतकऱ्यासाठी रोजचे संकट आहे. रात्रभर मचाणावर जागून काढूनही सकाळी शेत उकरलेले दिसते. २०१६ च्या जून महिन्यात जनावरांना मारण्याच्या परवानग्यांवरून केंद्रीय मंत्रिमंडळातील दोन मंत्र्यांत जो जाहीर वाद झाला, त्यात चंद्रपूर येथे मारल्या गेलेल्या ५३ रानडुकरांचा उल्लेख झाला होता. मारावे की न मारावे, हा त्या वादाचा रोख होता. कशाने मारावे आणि मृत देहाचे काय करावे, हे प्रश्न त्यात गौणच राहिले.

दुसरा धागा गिधाडांचा आहे. गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक ह्या औषधाने भारतातील गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. ते औषधही विष म्हणून ओळखले जात नव्हते. गडचिरोली जिल्ह्यात वनखात्याने गिधाडांसाठी खाद्यस्थाने चालविली आणि २०२४ साली हरयाणातील पिंजोर येथील प्रजनन केंद्रातून दहा पांढऱ्या पाठीची गिधाडे ताडोबाच्या परिसरात आणण्यात आली. मेलेल्या जनावरांवर जगणारा हा पक्षी पुन्हा ह्या रानात वसवावयाचा असेल, तर शिशाच्या गोळीने मारलेले रानडुक्कर उघड्यावर पडू न देणे ही त्या प्रयत्नाची पूर्वअट ठरते. काँडॉरच्या इतिहासाने हा धडा पुरेशा स्पष्टपणे शिकविलेला आहे.

तिसरा धागा माणसाचा असून तो सर्वांत नाजूक आहे. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने वनवासी समाजांचे अनेक परंपरागत हक्क मान्य केले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) ह्या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले. पण त्याच कायद्यात शिकारीचा परंपरागत हक्क स्पष्ट शब्दांनी वगळलेला आहे. रानात चोरून शिकार होते, हे सर्वश्रुत आहे. ठासणीच्या बंदुकीने मारलेल्या जनावराचे मांस वाटून खाल्ले जाते; त्यात लहान मुलांचा वाटा असतो. शिशाची निर्धोक अशी कोणतीही मात्रा ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्याचा सर्वाधिक अपाय वाढत्या मेंदूला होतो. जे कृत्य कायद्याच्या दृष्टीने घडतच नाही, त्यातील धोका सांगण्यास आरोग्यखाते जाणार कसे, ही अडचण येथे उभी राहते. सरसकट बंदीचे अनेक लाभ आहेत व ताडोबाचे रान त्याची साक्ष देते. पण बंदीमुळे एक संभाषण बंद पडले, हेही तितकेच खरे आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, चांदा-गडचिरोलीच्या प्रदेशात गोळीविषयीचा विचार कधी, कोठे व कोणत्या हत्याराने मारावे ह्या तीन प्रश्नांत पुरा झाला. कोणत्या धातूने, हा चौथा प्रश्न विचारला गेला नाही. त्याचे एक कारण हे की, डोहात साल कुटून टाकणाऱ्याचे विष नजरेत भरणारे होते आणि सभ्य मानलेल्या हत्याराचे विष नजरेआड राहणारे होते. दुसरे कारण भाषेचे: छर्रा, गोळी, बंदूक ह्या शब्दांत धातूची आठवणच नाही.

स्थलांतरी प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०१४ सालच्या क्विटो परिषदेने शिशाचा दारूगोळा क्रमाने बंद करण्याची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. भारत १९८३ पासून त्या कराराचा सदस्य असून २०२० सालची परिषद गांधीनगर येथे भरली होती. चंद्रपुराच्या तलावांवर उतरणारी बदके ज्या मार्गांनी येतात, त्या मार्गांचा विचार त्या करारात आहे. भारतात परवानगीने होणाऱ्या हत्यांची संख्या मर्यादित आहे व त्या सरकारी देखरेखीखाली होतात. म्हणून युरोपात ज्या आर्थिक हितसंबंधांमुळे वाद लांबला, ते येथे फारसे आड येण्याचे कारण नाही. परवानगीच्या कागदावर जनावराची जात, संख्या व मुदत लिहिली जाते. त्यात गोळीच्या धातूचा आणि मृत देहाच्या विल्हेवाटीचा असे आणखी दोन रकाने घालणे अवघड नाही. तसे झाल्यास ‘पाण्यात विष कालविणे’ ह्या जुन्या शब्दप्रयोगाचा अर्थ थोडा रुंदावेल, आणि डोहात गेळफळ टाकणारा व तलावावर बार काढणारा ह्या दोघांनाही नियमाचे एकच माप लागेल.